वीट बोटांच्या फटीत कशी गेली

१७ जानेवारी, बुधवार

मागच्या दाराची चौकट एकदाची संपवली. काजूच्या सालींचं काळं तेल, दोन हात. वाळवीने डावा खांब खालून पोखरलाय, आता तरी थांबावी. तेलाच्या वासाने डोकं भणाणलं. नाकाला दुसरं काही कळेनासं झालंय, जेवणात आमटी कुठली नि कढी कुठली ते पाहून ठरवलं. हात तीनदा धुतले तरी चिकट.

आका थोरली बहीण, बोलणारच. म्हणाली, सुतार बोलावला असतास तर दोन तासांचं काम, तुला तीन दिवस लागले. खरं आहे.

तिची उजवी टाच परत दुखतेय. वय एकाहत्तर, बारा वर्षांची साखर. चप्पल पायातून सुटून मागे राहिली तरी तिला कळत नाही, आणि टाच मात्र दुखते. हे कसं, ते डॉक्टरना विचारायचं राहून जातंय. उद्या विटेचा शेक देतो म्हटलंय.

उद्याच्या लेखाला विषय नाही. बहुतेक धारगळच्या हमरस्त्यावरची तोडलेली झाडं.

१८ जानेवारी, गुरुवार

आकाचा पाय भाजला. माझ्या हातून.

क्रमाने लिहितो. लेख साडेतीनला पाठवला. बाथरूमच्या कामातून उरलेली वीट चुलीत तापवली. न्हाणीच्या खिळ्यावरचं जुनं फडकं घेतलं, त्यात वीट गुंडाळली, वर कुंपणाकडची रुईची दोन पानं. आका बाल्कांवात, पुढच्या दारच्या ओसरीवर, खुर्चीत. टाच विटेवर ठेवली. ऊब टिकावी म्हणून फडक्याचं लांब टोक पावलावरून घेऊन बोटांशी खोचलं. आई असंच करायची. तेवढ्यात डेस्कवरून फोन. मथळा लांब होतोय, मजकूर आठ ओळी कमी करा. बोलत बोलत फाटकापर्यंत गेलो. सायकलवरून पाव विकणारा पोदेर आला, चार पाव घेतले. फोन चालूच. परत आलो तेव्हा आका पेपर वाचत होती.

फडकं काढलं तर तळवा पांढरा. कडेने फोड. "झालां?" म्हणाली. तिला काहीच कळलं नव्हतं.

नळाखाली पाय धरला. शेजारच्या सुमतीवहिनी हळद घेऊन धावत आल्या, लावू दिली नाही. एवढं एक बरोबर केलं. पार्शेच्या गणपतची रिक्षा. हॉस्पिटलात सिस्टरने पहिलाच प्रश्न विचारला, किती वेळ ठेवली होती वीट? मी म्हटलं दहा मिनिटं. आका म्हणाली पाचच. सिस्टरने दोघांकडे पाहिलं आणि कागदावर नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

चाळीस वर्षं बातमीदार म्हणून पंचनाम्यांत वेळ शोधत आलो. घटना किती वाजता घडली, पोलीस किती वाजता आले. आणि आज

१९ जानेवारी

आकाला दाखल करून घेतलं. धनुर्वाताचं इंजेक्शन, साखर तीन वेळा तपासणार. पाय दोन उशांवर उंच.

ड्रेसिंगची सिस्टर मनीषा, डिचोलीकडची, मयेची. चाळिशीची असावी. बोलते कमी, हात गरम पाण्यात धुऊन येते कारण गार हात लागला की माणूस दचकतं म्हणे. आकाला लागलीच "बाई" म्हणायला लागली. आकाच्या बोलण्याला बाराखडीचा वास येतो असं तिचं मत. तेहतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, येणारच.

जखम धुतल्यावर तिने मला बोलावून दाखवली. म्हणजे मीच डोकावत होतो, म्हणाली, मग नीट पुढे येऊन बघा. बोटाने दाबते. दाबलं की पांढरं होतं, सोडलं की गुलाबी परत येतं, तिथे कातडी जिवंत. गुलाबी येतच नाही, तिथे खोलवर गेलंय. टाचेच्या कडेला गुलाबी येतं. मध्ये येत नाही. बोटांकडे तपकिरी काळपट डाग आहेत, तिथे येतं का नाही तेच दिसत नाही. ती खाली वाकून बराच वेळ बघत होती.

"हे वेगळंच दिसतं," एवढंच म्हणाली.

२१ जानेवारी

ड्रेसिंग २. आज मला वाटतं मी जास्तच प्रश्न विचारले.

समजलं ते असं. जिथे दुखतं तिथे बरं. जिथे दुखत नाही तिथे वाईट, कारण आतल्या नसाच जळल्या. सुईने हलकं टोचून बघतात. पण आकाला साखरेमुळे आधीच कळत नाही. मग आज तिला टोचलेलं कळलं नाही ते भाजल्यामुळे की साखरेमुळे? सिस्टर म्हणाली, तोच तर घोळ आहे, बाईंच्या बाबतीत सुई काही सांगत नाही.

मग टाच दुखायची ती कशी? आकाने उत्तर दिलं, "आतून दुखता गो. वयर कळना." सिस्टर हो म्हणाली. साखरेत असं होतं म्हणे.

आणि पहिल्या दिवशी दिसते ती जखम खरी नव्हे. तीन-चार दिवस आत आत जाते. म्हणजे वीट काढून तीन दिवस झाले तरी भाजणं चालूच. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो.

आकाच्या शेजारच्या खाटेवर साखळीची एक म्हातारी आहे, हातावर आमटी सांडलेली. ड्रेसिंगला ओरडते. आकाला तिचा हेवा वाटतो असं आका मला कानात म्हणाली.

२३ जानेवारी

ड्रे. ३. सिस्टरने मला दाराबाहेर नेऊन विचारलं, पायाला काय लावलं होतं? बाईंना विचारलं तर काही नाही म्हणतात.

काही नाही, म्हटलं. वीट, रुईची पानं, फडकं.

"भाऊ, वीट बोटांच्या फटीत कशी जाणार?"

बोटांच्या मधे फोड आहेत. पावलाच्या वरच्या बाजूलाही, जिथे वीट नव्हतीच. कडा सरळ नाही, ओघळ गेल्यासारखी. नुसत्या विटेने भाजलं असतं तर विटेच्या आकाराचं भाजलं असतं. हे काहीतरी पातळ होतं, लागलेलं होतं आणि तापलं होतं, असं तिचं म्हणणं. मलम, तेल, चीक, काहीही. काय ते कळलं तर डॉक्टरना सांगता येईल, कारण काही पदार्थ कातडीत राहतात आणि काम करतच राहतात.

घरी येईपर्यंत रिक्षात तेच. बोटांच्या फटीत. गणपत काहीतरी सांगत होता, भिरोण्याकडचा रस्ता का कुठला, मी हं हं करत होतो.

२५ जानेवारी, गुरुवार

लेख दिला. कसा दिला माहीत नाही. विषय: झाडंच, भाग दुसरा.

वेळेचा हिशेब लावायला बसलो. फोनमध्ये नोंद आहे, ४.०६ ला सुरू, सतरा मिनिटं. त्यानंतर परत एक, सहा मिनिटं. मधे पोदेर. आज तो आला तेव्हा फाटकावर थांबवून विचारलं, गेल्या गुरुवारी आमच्याकडे किती वाजता आलास? त्याने सायकलवरून पाय खाली टेकला, मला नीट न्याहाळलं. म्हणाला, पाव शिळे होते काय? नाही रे बाबा, फक्त वेळ सांग. रोजच्यासारखा सव्वाचारला. "तुमी पयशे दिले आनी पाव घेवंक विसरले. हांवें हाक मारली." म्हणजे मी पाव घेऊन आत गेलो असं जे मला आठवतं ते तसं नव्हतं. मी दोनदा फाटकापर्यंत गेलो.

एकूण तेवीस मिनिटं ते अर्धा तास. मी सिस्टरला दहा सांगितली होती.

हे सिस्टरला सांगितलं पाहिजे. पण त्याने फटीचं उत्तर मिळत नाही.

२६ जानेवारी

वेळ सांगितली. तिने मागचं प्रश्नचिन्ह खोडलं नाही, पुढे "साधारण ३०" लिहिलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

रुईच्या चिकावर संशय. पान मोडलं की पांढरा चीक येतो, डोळ्यात गेला तर वाईट हे सगळ्यांना माहीत. संध्याकाळी स्वतःच्या मनगटावर चोळला. सुमतीवहिनी कुंपणापलीकडून बघत होत्या. भावोजी, पाय आकाचा भाजला ना, असं म्हणाल्या.

२७ जानेवारी

मनगटाला काही नाही. पण माझ्या मनगटाला साखरही नाही. आणि मनगट मी तापवलं नव्हतं. असल्या प्रयोगातून काही सिद्ध होत नाही, बातमीदाराने तरी करू नये.

शिवाय पानं टाचेखाली होती. बोटांपर्यंत नव्हती.

आज आकाला घरी सोडलं. पाय अजिबात टेकायचा नाही. एक दिवसाआड ड्रेसिंगला न्यायचं.

२९ जानेवारी

वाईट दिवस.

आकाचा बिस्किटांचा डबा उघडला. कपाटात असतो तो. अर्धवट मलमं, वैद्याच्या पुड्या, लेबल गेलेल्या दोन बाटल्या, कसलंसं हिरवं तेल. सगळं मेजावर मांडून तिला विचारलं, शेकाच्या आधी यातलं काय लावलं होतंस? तिने काही नाही म्हटलं. मी परत विचारलं. मग मी सिस्टरचं सगळं सांगितलं, ओघळ, फटी. चोरून लावलं असशील तर सांग, कोणी ओरडणार नाही, असं म्हणालो. एकाहत्तर वर्षांच्या बाईला, जिने मला पाटीवर अ काढायला शिकवला.

"मी कायएक लावूक ना," म्हणाली.

मी म्हटलं, मग वीट फटीत गेली कशी? तिने पेपर उचलला आणि तोंडासमोर धरला. पेपर आजचा नव्हता.

ती खोटं बोलत नाही. ती कधीच बोलली नाही. तरी तिने माझ्याकडे बघितलं नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

१ फेब्रुवारी, गुरुवार

आका माझ्याशी कामापुरतं बोलते. पाणी. चष्मा. जनेल लाव, डास येतात.

ड्रे. ७. टाचेची कड भरत आलीय. मधला भाग पिवळट. चौथं बोट काळपट, ओलं नाही, सुकतंय. सिस्टरने लाल झालेल्या भागाभोवती निळ्या पेनाने रेघ मारली. उद्या परवा लाली रेघेबाहेर गेली तर लगेच आणायचं, ड्रेसिंगच्या दिवसाची वाट बघायची नाही. डॉक्टर पहिल्यांदाच स्पष्ट बोलले: कातडी लावावी लागेल बहुतेक, आणि बोटाचं सांगता येत नाही. पणजीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवतील. वाट बघूया.

बोटाचं सांगता येत नाही म्हणजे बोट जाईल. मी हे वाक्य बातमीत शंभरदा वाचलंय.

आकाने रिक्षात विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, वाट बघूया म्हणाले. "तुका सांगलेनी ता सांग," म्हणाली. सांगितलं. चौथं बोट कामाचं नसतं, असं म्हणून ती बाहेर भातशेतीकडे बघत बसली.

लेख पाठवला नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा. डेस्कवरच्या मुलीने काळजीने फोन केला, तो घेतला नाही.

३ फेब्रुवारी

लाली रेघेच्या आत. साखर बरी.

माझ्या उजव्या हाताच्या बोटांची सालं निघताहेत. पंधरवडा झाला, आधी काळी पडली, मग खाज. इतके दिवस फिनेलमुळे असेल म्हणून सोडून दिलं, फरशी रोज पुसतोय.

५ फेब्रुवारी

ड्रे. ९. आज काय झालं ते जसंच्या तसं.

पट्टी उलगडताना सिस्टरला पाय वर धरून ठेवायला माणूस नव्हता. मला म्हणाली, हातमोजे घाला आणि टाचेखाली हात द्या. मोजे घालायला मी हात पुढे केले. तिने माझी बोटं धरली. उलटी केली, सुलटी केली. मग आकाची चादर बाजूला करून पायाची बोटं बघितली. परत माझी.

"भाऊ, तुमच्या बोटांना काय झालं?"

फिनेल, म्हटलं. ती म्हणाली, फिनेलने असं काळं पडत नाही. आमच्याकडे काजू फोडायच्या कामावरच्या बायका येतात, त्यांचे हात असे असतात. तुम्ही काजू फोडता काय?

मी नाही म्हटलं. नंतर मला चौकट आठवली.

आका खाटेवरून माझ्याकडे बघत होती. 

घरी येऊन सरळ बाल्कांवात. त्या दिवशी वीट मी बाकाखाली ढकलली होती आणि नंतर कोणी तिला हात लावला नव्हता. फडकं अजून विटेभोवती. तपकिरी, पापडासारखं कडक, बोटांशी खोचलेलं टोक जास्तच काळं. बुधवारी ब्रश आणि हात मी त्यालाच पुसले होते आणि न्हाणीच्या खिळ्याला अडकवून ठेवलं होतं. गुरुवारी त्याच खिळ्यावरून काढलं. वास आला नाही, कारण तीन दिवस मला दुसरा वास येतच नव्हता.

नाकाशी धरलं. आता येतो.

आणि मी तिचा डबा उपसला होता.

६ फेब्रुवारी

ड्रेसिंगचा दिवस नव्हता. तरी गेलो, फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन. सिस्टरने हुंगलं, मान हलवली. पिशवीला गाठ मारून डॉक्टरांकडे नेली.

मी विचारलं, मग कशाने जास्त, तेलाने की तापल्याने? मला उत्तर हवं होतं. तेलाने असेल तर माझा विसरभोळेपणा. विटेने असेल तर माझा फोन. यातला फरक मला का महत्त्वाचा वाटतो ते माहीत नाही, दोन्हीकडे मीच आहे.

ती म्हणाली, तेल लागलं नसतं तर एवढं गेलं नसतं. पाच मिनिटांत काढलं असतं तरी एवढं गेलं नसतं. वेगळं करून सांगता येणार नाही. "आणि अर्धा तास कुणी पाय हलवत नाही काय? तेही मला कळत नाही."

मी म्हटलं, तिला कळत नाही ना पायाला.

"पायाला नाही कळत, भाऊ. नाकाला कळतं." आणि ती दुसऱ्या खाटेकडे गेली.

हे तिने सहज म्हटलं की मुद्दाम, ठरवता आलं नाही.

७ फेब्रुवारी

ड्रे. १०. परत आल्यावरही आकाला सांगितलं नाही. तीन वेळा सुरुवात केली. एकदा सुमतीवहिनी वाल घेऊन आल्या, दोनदा माझंच धाडस झालं नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सांगितलं. चहा झाल्यावर. फडकं, खिळा, चौकट, सगळं. डब्याबद्दल माफी मागितली.

तिने ऐकून घेतलं. पाव चहात बुडवून खाल्ला, मऊ झाला की तिला आवडतो. मग म्हणाली, "माका वास इलो होतो."

कधी?

"वीट ठेवलंस तेव्हाच."

 मग का नाही सांगितलंस, मी विचारलं.

"माका वाटलां, तू मुद्दाम लायलंस. भेगांक. आवय लायची तसा." आई पावसाआधी हेच तेल आकाच्या टाचांच्या भेगांना लावायची, लावणीला जायच्या आधी. मला आठवत नाही, मी लहान होतो. तिला वाटलं, मला आठवलं. तीन दिवस चौकटीला लावतोय, त्यातलं थोडं तिच्यासाठी आठवणीने घेतलं. म्हणून पाय हलवला नाही. वीट एव्हाना निवली असेल असं वाटलं तरी नाही. "काढूक मन जायना."

आणि सिस्टरने विचारलं तेव्हा? मी विचारलं तेव्हा?

मी लावलं नाही हे खरंच होतं, म्हणाली. लावलंस तू. तुझं नाव कशाला सांगू? तू आधीच घड्याळ घेऊन बसला होतास.

मी बाल्कांवात जाऊन बसलो. पोदेर यायची वेळ नव्हती, कसलीच वेळ नव्हती. म्हणजे अर्धा तास ती माझ्या आठवणीवर पाय ठेवून बसली होती, आणि मला काही आठवलेलंच नव्हतं. हे तिला आज मी सांगितलं की नाही? सांगितलं. जुनं फडकं म्हणून घेतलं, असंच सांगितलं. तिने ते ऐकलं का, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. "आवयचाच फडका ता," असं म्हणाली, आणि चष्मा मागितला.

लेख लिहिला, पाठवला. झाडांवर नाही. काय लिहिलं ते उद्या छापून आल्यावर कळेल.

११ फेब्रुवारी

उद्या मोठ्या हॉस्पिटलात. सर्जन बघून ठरवतील: कातडी मांडीवरची घ्यायची का, बोट ठेवायचं का. गणपत साडेसहाला येतो म्हणालाय. फाइल, इन्शुलिन, दोन पातळं, चष्मा. आका म्हणते, तो बिस्किटांचा डबाही घे. का ते सांगत नाही. घेतलाय.

आजचं ड्रे. १२, इथलं बहुधा शेवटचं. सिस्टर मनीषाने कागदावर सगळं लिहून दिलं, तेल, फडकं, अंदाजे तीस मिनिटं. "कोणी लावले" अशी जागा त्या कागदावर नाही, मी शोधली.

मग तिने चौथं बोट धरलं. कालपर्यंत ती त्याच्याकडे फार बघत नव्हती. आज बुडाशी, जिथे काळं संपतं तिथे, अंगठ्याने दाबलं. मला म्हणाली, तुम्हीही बघा, माझे डोळे थकले. आका कोपरांवर उठून बसली, तिला तिथून काही दिसणं शक्य नव्हतं.

सिस्टरने बोट सोडलं. पांढरं. आम्ही तिघेही बघत होतो. मला वाटलं, कडेला किंचित काहीतरी आलं. खिडकीतला उजेडही असेल.

"रंग इलो?" आकाने विचारलं.

मी सिस्टरकडे बघितलं. ती म्हणाली, थांबा, परत दाबते.